मर्सेडच्या दरीतला वसंत : हायवे १४० वर रानफुलं कधी आणि कुठल्या बाजूला पाहावीत

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला (पार्कला) जाणाऱ्या बहुतेक गाड्या मारिपोसा ते एल पोर्टल हा टप्पा नुसता उरकतात. सगळ्यांचे डोळे पुढच्या धबधब्यांकडे लागलेले असतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मात्र हा रस्ता उरकण्याचा नाही. या महिनाभरात मर्सेड नदीची ही दरी कॅलिफोर्नियातल्या रानफुलांच्या उत्तम जागांपैकी एक असते. सगळं पार्कच्या फाटकाच्या अलीकडे असल्यामुळे त्यासाठी पार्कचं तिकीटही लागत नाही. तरीही अनेक जण इथून जाऊन "आम्हाला फारशी फुलं दिसली नाहीत" असं म्हणतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : चुकीच्या वेळी चुकीच्या बाजूला पाहिलं जातं. या दरीचे दोन काठ म्हणजे फुलांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश आहेत, आणि कुठल्या काठाकडे केव्हा पाहायचं हे आधी ठरवलं की बाकीचं सोपं होतं.

आधी रस्ता समजून घेऊ. मर्सेड शहरातून हायवे १४० पूर्वेला निघतो, कॅथीज व्हॅलीच्या गवताळ टेकड्यांतून मारिपोसाला येतो, तिथून मिडपाइन्सच्या खिंडीत जवळजवळ ३,००० फुटांपर्यंत चढतो आणि मग वळणं घेत ब्राइसबर्गला नदीकाठी उतरतो. ब्राइसबर्ग सुमारे १,२०० फुटांवर आहे. तिथून एल पोर्टलपर्यंत, म्हणजे साधारण २,००० फुटांपर्यंत, रस्ता नदीचा हात धरून चढत जातो. आपल्याला हवा तो हाच भाग, पंधरा मैलांच्या आसपासचा. हा मार्ग १९२६ मध्ये खुला झाला आणि बाराही महिने चालू राहणारा म्हणून 'ऑल-इयर हायवे' या नावाने ओळखला गेला. योसेमिटीत शिरणाऱ्या रस्त्यांमध्ये हा सगळ्यात सखल, म्हणून इथे वसंतही सगळ्यात आधी येतो.

आता काठांबद्दल. ब्राइसबर्गहून वर जाताना नदी आपल्या डाव्या हाताला असते. रस्ता दक्षिण काठावर, नदीपलीकडचा डोंगर उत्तर काठावर. पलीकडच्या डोंगराचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे उन्हाकडे. आपल्या उजव्या हाताला रस्त्याला लागून जो कातळ आणि मातीचा चढ आहे, त्याचं तोंड उत्तरेकडे, सावलीकडे. मार्चअखेरीस इथे भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ५५ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे सावलीच्या बाजूचे तीव्र उतार दिवसभर ओलसर आणि थंड राहतात. पलीकडचा उतार तापतो, लवकर सुकतो, लवकर फुलतो आणि लवकर संपतो. दरी वळणं घेते तसे हे कोन थोडे बदलतात, पण ढोबळ हिशेब पक्का आहे : पलीकडे केशरी पॉपी आणि निळे-जांभळे ल्युपिन, अलीकडे शेवाळ, नेचे आणि खाली मान घातलेली नाजूक फुलं.

त्यावरून दिवस कसा आखायचा ते आपोआप ठरतं. सकाळी वर जायचं आणि उजव्या बाजूच्या सावलीतली फुलं जवळून पाहायची. दुपारी परत फिरायचं. तेव्हा नदी उजव्या हाताला येते, समोरच्या उतारावर ऊन पडलेलं असतं आणि पॉपी उघडलेल्या असतात. यात रस्त्याचीही सोय आहे. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे वर जाताना नदीकाठच्या थांब्यावर शिरायचं म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना आडवं जावं लागतं, तेही वळणावर. हे करू नका. नदीकाठचे सगळे थांबे परतीसाठी राखून ठेवा.

थांब्यांबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण या रस्त्यावर फुलांपायी होणारे धोके जास्त करून गाडीमुळेच होतात. डांबराच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर एक चाक ठेवून 'दोन मिनिटं' उभं राहणं इथे चालत नाही. आखलेला थांबा किंवा रेषेपलीकडे पूर्ण गाडी मावेल अशी रुंद खडीची जागा मिळेपर्यंत पुढे जायचं, आणि गरज पडली तर चालत मागे यायचं. चालताना रस्त्याच्या कडेने न जाता जिथे संरक्षक कठडा आहे तिथे त्याच्या पलीकडून, म्हणजे वाहनांपासून दूरच्या बाजूने जावं, आणि तशी जागाच नसेल तर ते फूल सोडून द्यावं. दुसरं, फुलं पाहत सावकाश चाललात आणि मागे पाच किंवा अधिक गाड्या खोळंबल्या, तर कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याप्रमाणे पहिल्या सोयीच्या टर्नआउटवर (गाडी बाजूला घ्यायच्या जागेवर) बाजूला होणं बंधनकारक आहे. चालवणाऱ्याने फुलं पाहूच नयेत. शेजारी बसणाऱ्याने पाहावीत आणि पुढचा थांबा सुचवावा. सगळ्यांनाच खिडकी हवी असेल तर मर्सेडहून योसेमिटीला जाणारी यार्ट्सची बस याच रस्त्याने वर्षभर धावते. तिच्यातून फुलं हातभर अंतरावर दिसणार नाहीत, पण पलीकडचे उतार छान दिसतात. जाताना डावीकडे बसा, येताना उजवीकडे.

पेट्रोल आणि स्वच्छतागृह मारिपोसातच उरकून घ्यावं. फोनला दरीत बराच वेळ रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाऊस होऊन गेला असेल तर निघण्यापूर्वी कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते खात्याच्या क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर रस्त्याची स्थिती पाहा. ही दरी दरडींची आहे. २००६ मध्ये फर्ग्युसन इथे कोसळलेल्या दरडीने हायवेच गाडला गेला, आणि तात्पुरते पूल टाकून वाहतूक नदीपलीकडे वळवून पुन्हा अलीकडे आणावी लागली. तिथे सिग्नलला थांबायची वेळ आली तर गाडीत बसूनच समोरचा उतार दुर्बिणीने न्याहाळावा, खाली उतरू नये.

सकाळची बाजू

सावलीच्या बाजूची फुलं चालत्या गाडीतून दिसत नाहीत. इथे लांबून रंग खुणावत नाही, म्हणून ती शोधावीच लागतात. खडकातून पाणी झिरपतंय, काळसर ओल आहे, हिरवं मऊ शेवाळ आहे अशी जागा हेरा आणि तिथे गुडघ्यावर बसा. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात ओकच्या झाडांखाली शूटिंग स्टार दिसतात : गुलाबी-जांभळ्या पाकळ्या पूर्ण मागे वळलेल्या, आणि परागकोशांची काळपट चोच जमिनीकडे रोखलेली. या चोचीतून परागकण सहजी गळत नाहीत. भुंगमाशी फुलाला लटकून विशिष्ट कंपनाने पंख-स्नायू थरथरवते, तेव्हाच ते बाहेर पडतात. एखाद्या उबदार सकाळी पाच-दहा मिनिटं शांत बसलात तर त्या गुणगुणण्याचा सूर मध्येच उंचावलेला ऐकू येतो.

त्याच ओलाव्यात वुडलँड स्टारची पांढरी, कडा चिरलेली फुलं बारीक देठांवर असतात. बेबी ब्लू आइज असतात, आकाशी कडा आणि फिकट मध्य असलेले. मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला फिएस्टा फ्लॉवरचे जांभळे वेल पसरलेले असतात. त्याच्या खोडाला हळूच बोट लावलं तर ते चिकटतं. त्यावर उलट्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात आणि त्यांच्याच जोरावर हे दुबळं खोड शेजारच्या झुडपांवर चढतं. कपड्यांनाही ते तसंच धरतं, म्हणून ओढून काढण्याऐवजी खोडाच्या टोकाकडून सोडवा, नाहीतर आख्खा वेल उपटून हातात येतो.

एप्रिल सरता सरता याच सावलीत फेअरी लँटर्न येतो, शास्त्रीय नाव कॅलोकॉर्टस आल्बस. मला विचाराल तर या दरीतलं सगळ्यात देखणं फूल हेच. पांढऱ्या, किंचित पारदर्शक पाकळ्या पूर्ण उघडतच नाहीत. बंद गोल तसाच मान खाली घालून लोंबतो. खालून पाहिलं तर आतल्या बाजूला बारीक केस दिसतात. हे कंदातून येणारं रोप आहे आणि बीपासून पहिलं फूल यायला त्याला काही वर्षं लागतात. म्हणून पाऊल ठेवण्याआधी जमिनीवर पडलेलं एकच लांब, पट्टीसारखं पान दिसतंय का ते पाहा. ते पान तुडवलं गेलं तर त्या वर्षीचं कंदाचं अन्नच थांबतं.

खडकांच्या सुक्या भेगांत मांसल पानांचे छोटे गुच्छ दिसले तर ती डडलिया. तिचे केशरी-पिवळे तुरे मे महिन्याच्या सुमाराला येतात. लालभडक, टोकाला झालर कापल्यासारख्या पाकळ्यांचा इंडियन पिंकही एप्रिलनंतरचा, आणि त्याच्यापाशी हमिंगबर्ड हमखास घिरट्या घालताना सापडतो.

दुपारची बाजू

पॉपी हे घड्याळाचं आणि हवेचं फूल आहे. रात्री, थंडीत आणि ढगाळ दिवशी त्याच्या चारही पाकळ्या गुंडाळून बंद होतात. दरी खोल असल्याने तळाशी ऊन उशिरा येतं, आणि डेलाइट सेव्हिंगमुळे (घड्याळं तासभर पुढे केलेली असल्यामुळे) सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात दुपारी एकच्या सुमाराला. म्हणून अकरा ते चार हीच खरी वेळ. सकाळी आठला पाहिलेला हिरवा-तपकिरी उतार दुपारी एकला केशरी झालेला असतो, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ढगाळ दिवस निघाला तर पॉपीचा नाद सोडून दिवसभर सावलीच्या बाजूला रमा. मंद प्रकाशात तिथली फुलं उलट जास्त छान दिसतात आणि फोटोही चांगले येतात.

इथे पॉपीच्या दोन जाती भेटतात, आणि लांबून त्या सारख्याच वाटतात. फरक पाकळ्यांत शोधू नका. फुलाच्या खाली पाहा. कॅलिफोर्निया पॉपी, म्हणजे एश्शोल्त्सिया कॅलिफोर्निका, १९०३ पासून राज्याचं अधिकृत फूल आहे. तिच्या पाकळ्यांच्या बुडाशी एक पसरट, बहुधा गुलाबीसर कडा असते, बशीसारखी. फूल गळून पडल्यावरही ही कडा शेंगेच्या तळाशी टिकते. दुसरी, एश्शोल्त्सिया सेस्पिटोसा, जरा छोटी आणि बरेचदा जास्त पिवळी. तिला ही कडा नसते. कळी पाहायला मिळाली तर आणखी एक गंमत दिसते : पॉपीची दोन्ही निदलं, म्हणजे कळीची बाहेरची आवरणं, एकमेकांना जोडून टोकदार टोपी झालेली असते आणि पाकळ्या फुगल्या की ती टोपी सबंधच्या सबंध निघून पडते. अर्धी सरकलेली टोपी सापडली तर थांबून पाहा, ऊन चांगलं असेल तर थोड्या वेळात ती गळते. पॉपीत मधुरस नसतो, कीटक येतात ते परागकणांसाठीच. अफू आणि आपल्या रस्त्याकडेचा पिवळा धोतरा हे दोन्ही याच कुळातले.

केशरी उतारात निळा-जांभळा रंग भरणारं फूल म्हणजे ल्युपिन. त्यातही स्पायडर ल्युपिन या भागात खूप. पान हाताच्या पंज्यासारखं विभागलेलं आणि पर्णिका अगदी अरुंद, त्यावरून तो ओळखायचा. राखाडी-रुपेरी पानांचं गुडघाभर ते कंबरभर झुडूप असेल तर तो बुश ल्युपिन. दोन्हींच्या फुलात वरच्या उभ्या पाकळीवर एक पांढरा ठिपका असतो. फूल जुनं झालं, परागीभवन होऊन गेलं, की तो ठिपका किरमिजी होतो. मधमाश्या आणि भुंगमाश्या पांढऱ्या ठिपक्याचीच फुलं निवडतात, त्यामुळे त्यांची खेप वाया जात नाही. एकाच तुऱ्यात खाली किरमिजी ठिपके आणि वर पांढरे, अशी सीमारेषा स्पष्ट दिसते. भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी नुसत्या डोळ्यांना जमतं.

आणि रेडबड. दरीत शिरल्यावर सगळ्यांच्या नजरेत आधी भरतं ते हेच झाड, कारण पानं यायच्या आत त्याच्या उघड्या फांद्या तळापासून टोकापर्यंत गडद गुलाबी फुलांनी भरतात. फुलं कोवळ्या फांद्यांवर येतातच, पण जुन्या जाड खोडावरही थेट सालीतून फुटतात. आपला कांचन आणि आपटा ज्या उपकुळातले, त्याच उपकुळातलं हे झाड. नंतर येणाऱ्या पानांकडे पाहिलं की नातं पटतं. आपट्याचं पान मधोमध दुभंगतं, रेडबडचं दुभंगत नाही, पण गोल-हृदयाकृती घडण आणि देठापासून पसरणाऱ्या शिरा त्याच. आग लागून गेली किंवा छाटणी झाली की रेडबडला बुडातून सरळसोट फोक फुटतात. सिएरा मिवोक या इथल्या मूळ रहिवाशांच्या टोपल्यांमधली तांबूस नक्षी याच फोकांच्या सालीची असते, आणि असे सरळ फोक मिळावेत म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या ही झाडं छाटत आणि जाळत आले आहेत. रेडबडला उन्हाची वेळ पाळावी लागत नाही. सकाळी, ढगाळ हवेत, पावसातही ते तसंच दिसतं.

ताशी चाळीस मैलांनी जाताना काय दिसलं ते ओळखायला रंग आणि ठेवण पुरते. उतारावर सलग केशरी पट्टा म्हणजे पॉपी. गवतात विखुरलेला, जरा मळकट केशरी-पिवळा आणि टोकाशी वळलेला तुरा म्हणजे फिडलनेक, त्याला हात लावू नका, त्याचे ताठ केस कातडीत खुपतात. पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी छटा म्हणजे पॉपकॉर्न फ्लॉवर. सपाट ओल्या जागी पिवळ्याधमक सतरंजीसारखं काही दिसलं तर गोल्डफील्ड्स, आणि ते जास्त करून मारिपोसाच्या आधी, कॅथीज व्हॅलीच्या बाजूला. तिथली बहुतेक जमीन खाजगी कुरणांची आहे, म्हणून तारेच्या कुंपणाच्या बाहेरूनच पाहायचं. पानांनी भरलेल्या झाडावर मेमध्ये पांढरे उभे तुरे दिसले तर तो बकआय.

पायी जायचं असेल तर

उन्हाच्या बाजूला प्रत्यक्ष पोहोचायचा सोपा मार्ग ब्राइसबर्गला आहे. तिथे झुलत्या पुलावरून नदी ओलांडली की पलीकडच्या काठाने प्रवाहाच्या दिशेने कच्चा रस्ता जातो. ही जुनी योसेमिटी व्हॅली रेल्वेची वाट. १९०७ ते १९४५ इथून गाड्या धावल्या. आता ही जागा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याकडे आहे. आगगाडीसाठी बांधलेली असल्याने वाट जवळजवळ सपाट आहे, लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपते, आणि हायवेवरून लांबून दिसणारा पॉपीचा उतार इथे थेट हाताशी येतो. माझा आग्रह असा की थांबायला एकच जागा निवडायची असेल तर हीच निवडा.

दुसरी वाट हाइट कोव्हची. साउथ फोर्क ही उपनदी मर्सेडला मिळते त्या ठिकाणाहून, जुन्या सॅव्हेज ट्रेडिंग पोस्टपासून ती निघते. एकेरी साडेचार मैल आहे, पण फुलांसाठी पहिला मैल-दीड मैल पुरतो. वाट अरुंद आहे, एका बाजूला खोल उतार आहे, आणि सुरुवातीचा भाग खाजगी जमिनीतून जातो, तिथे वाट सोडायची नाही. फर्ग्युसनची मोठी आग जुलै २०१८ मध्ये याच भागात लागली. वणवे आणि दरडींमुळे ही वाट बंद ठेवली जाते, तेव्हा ती उघडी आहे की नाही हे सिएरा नॅशनल फॉरेस्टच्या संकेतस्थळावर आधी पाहूनच निघा.

कुठल्या आठवड्यात

यासाठी एक जुना आणि कामाचा ठोकताळा आहे. अँड्र्यू डेल्मर हॉपकिन्स या कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये मांडलं की उत्तर अमेरिकेत वसंत दर ४०० फूट उंचीला साधारण चार दिवसांनी मागे पडतो. म्हणजे शंभर फुटाला एक दिवस. ब्राइसबर्ग १,२०० आणि एल पोर्टल २,००० : आठ दिवसांचा फरक. योसेमिटी व्हॅली ४,००० फुटांवर, म्हणजे ब्राइसबर्गच्या चार आठवडे मागे. हा हिशेब दोन्ही बाजूंनी वापरता येतो. ब्राइसबर्गला पॉपी सुकून शेंगा धरायला लागल्या असतील तर निराश न होता वर सरका. आणि एल पोर्टलला अजून कळ्याच असतील तर खाली जा. उन्हाची आणि सावलीची बाजू यांतलं अंतर मात्र या हिशेबात येत नाही. एकाच उंचीवर सावलीची बाजू बरीच मागे असते, म्हणून उशीर झालेल्यांना तीच आधार देते.

वर्ष चांगलं जाणार की नाही, हे मार्चच्या पावसावर ठरत नाही. इथली बहुतेक फुलं वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात जगून संपणारी, आहेत. त्यांचं बी शरदातल्या पहिल्या दमदार पावसाने रुजतं, हिवाळाभर जमिनीलगत पानांचं चक्र करून बसतं आणि वसंतात उठतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस होऊन पुढे तो थोडा थोडा येत राहिला तर वर्ष चांगलं. सुरुवात होऊन मग दीर्घ उघडीप पडली तर रोपं कोवळेपणीच मरतात. फार पाऊसही बरा नाही. भूमध्य समुद्राकडून आलेले ब्रोम आणि रानओटचं गवत ओल मिळाली की फुलांपेक्षा वेगाने वाढतं, आणि वाळलेल्या गवताचा थर पुढच्या वर्षीच्या बियांना झाकतो. म्हणूनच दुष्काळानंतरचं पहिलं ओलं वर्ष, किंवा आगीने गवताचा थर जाळल्यानंतरचा पहिला-दुसरा वसंत, बरेचदा सगळ्यात रंगीत असतो.

फुलाचं नाव नंतर निश्चित करायचं असेल तर एकाच सुंदर फोटोने भागत नाही. चार लागतात : पूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने किंवा खालून, आणि पान. पॉपीची कडा समोरून दिसत नाही, फिडलनेकच्या पाकळ्यांपेक्षा त्याची निदलं जास्त सांगतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर रेंज नसतानाही नोंद करून ठेवता येते, घरी आल्यावर ती चढवावी. कॅलफ्लोरा या कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींच्या संकेतस्थळावर जिल्ह्याप्रमाणे यादी पाहून जाती पडताळता येतात. नदीपलीकडच्या उताराचा फोटो घेताना सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे रंग सपाट पण भडक येतो. पाकळीतून झिरपणारा उजेड हवा असेल तर ब्राइसबर्गच्या वाटेवर जाऊन, उशिरा दुपारी, पश्चिमेकडे तोंड करून खालून घ्यावा.

पॉयझन ओक ओळखता आल्याशिवाय वाट सोडू नका. तीन पर्णिका, मधलीचं देठ लांब, आणि वसंतातली कोवळी पानं चकचकीत, तांबूस. नुसत्या काड्या उरल्या असल्या तरी त्यांच्यात तेल असतंच. हे बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातलं झाड. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्पर्श झालाच तर शक्य तितक्या लवकर साबण आणि गार पाण्याने घासून धुवा, आणि बूट, पिशवी, कुत्र्याचा पट्टा हेही धुवा, कारण तेल त्यांच्यावरही टिकून राहतं. गवताच्या कडेने गोचिडी असतात, म्हणून विजार मोज्यात खोचा आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा. ऊन चढलं की रॅटलस्नेक खडकांवर येतात. फोटोसाठी बसण्याआधी हात ठेवायची जागा पाहा. नदीत मात्र उतरूच नका. वसंतात तिचं पाणी वितळलेल्या बर्फाचं असतं, ओढ जबरदस्त असते, आणि काठचे गोटे पॉलिश केल्यासारखे निसरडे.

फुलं तोडायची नाहीत. ही नुसती विनंती नव्हे : सरकारी जमिनीवरून आणि हायवेच्या कडेवरून परवानगीशिवाय वनस्पती काढणं कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या ३८४ए कलमाखाली गुन्हा आहे. १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आणि उतारावर चढून पॉपीच्या मधोमध बसून फोटो काढणं त्याहून वाईट. वर्षायू रोप तुडवलं गेलं तर त्याचं बी होत नाही, आणि भुसभुशीत उतारावर पडलेली पायवाट पुढच्या पावसात ओघळ बनते.

एप्रिलमध्ये येणं जमलं नाही तर मे महिना टाकाऊ समजू नका. गवत पिवळं पडतं तेव्हा क्लार्कियाची गुलाबी फुलं निघतात, म्हणून त्यांना फेअरवेल टू स्प्रिंग म्हणतात. इथे क्लार्किया बायलोबाच्या पाकळीला टोकाशी खाच असते. त्याच दरीत अगदी थोड्या जागी क्लार्किया लिंग्युलाटा सापडतो. त्याची पाकळी जिभेच्या आकाराची, बिनखाचेची. १९५० च्या दशकात हार्लन लुईस या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की हा बायलोबापासूनच निपजला आहे आणि त्याच्यात गुणसूत्रांची एक जोडी जास्त आहे, नऊ, बायलोबाच्या आठ. नवी जात कशी तयार होते हे समजून घेण्यासाठी वनस्पतिशास्त्रात हे उदाहरण अजून शिकवतात, आणि मर्सेडच्या दरीबाहेर जगात कुठेही हे फूल रानात उगवत नाही. राज्याच्या संकटग्रस्त यादीत ते आहे. मेअखेरीस गुलाबी क्लार्किया दिसली की प्रत्येक वेळी पाकळीचं टोक तपासा. बिनखाचेचं निघालं तर तिथूनच, एक पाऊलही पुढे न टाकता फोटो घ्या, आणि नोंद चढवताना ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड', म्हणजे नेमकी जागा लपवलेलं, आहे ना ते पाहा.